ठाण्यातले नकाशेवाले काका आणि आमच्या उरण तालुक्याचा नकाशा

बरेच दिवस लिहायचं होतं, राहून जात होतं, आज रविवार आहे, नकाशा समोर भिंतीवर आहे आणि दादा (म्हणजे वडील) त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसलेत, म्हटलं आत्ताच लिहून टाकू. ठाण्यात नौपाड्यात गोखले रोडच्या मागच्या एका गल्लीत तळमजल्यावर एक छोटं दुकान आहे, बाहेरून झेरॉक्स-लॅमिनेशनचंच वाटतं, बोर्डवर पण तेच लिहिलंय, पण आत गेलात की मागच्या भिंतीला उभ्या गुंडाळ्या लावलेल्या दिसतील, त्या सगळ्या नकाशांच्या. तुमच्या गावाचा, तालुक्याचा, पाहिजे त्या मापाचा नकाशा मराठीत बनवून छापून देतात. दुकानाचं नाव टाकत नाहीये कारण काकांनीच नको सांगितलं, ते आणि कॉम्प्युटरवरच्या एक ताई अशी दोनच माणसं आहेत, एकदम दहा ऑर्डरी आल्या तर काम बिघडतं असं त्यांचं म्हणणं. स्टेशनपासून चालत दहा-पंधरा मिनिटं, गल्लीत नकाशेवाले काका कुठे बसतात विचारा, दाखवतील.

आम्ही राहतो नेरूळला पण मूळचे उरण तालुक्यातले, करळ-सोनारी-जसखार त्या पट्ट्यातलं गाव. दादांना यंदा पंच्याहत्तर पूर्ण झाली. रोज संध्याकाळी चहा घेता घेता ते काहीतरी सांगत असतात, हितं खाडी होती, हितं मिठागर, ह्या बांधावरून आम्ही शाळेत जायचो, आणि आम्ही सगळे हो हो करतो पण खरं सांगतो मला त्यांचं ते 'हितं' नेमकं कुठं ते कधी कळलंच नाही, कारण त्या जागेवर मी लहानपणापासून रस्ता आणि कंटेनरच बघितलेत. म्हणून ठरवलं की पंच्याहत्तरीला शाल-श्रीफळ करायचंच पण त्याच्यासोबत आपल्या तालुक्याचा एक मोठा नकाशा, ज्यात गावं मराठीत असतील आणि दादांना बोट ठेवून दाखवता येईल.

असा नकाशा तयार मिळत नाही. स्टेशनरीच्या दुकानात रायगड जिल्ह्याचा मिळतो, पण रायगड एवढा लांबलचक, वर उरण-पनवेल आणि खाली पार पोलादपूर, त्यामुळे भिंतीवरच्या नकाशात उरण म्हणजे डावीकडे वर कोपऱ्यात अंगठ्याच्या नखाएवढं. उरण शहराचं नाव असतं, मोरा असतं, घारापुरी असतं आणि संपलं. मोबाईलवर बघायला गेलं तर झूम करत करत गेलो की गावांच्या नावाआधी यार्डांची आणि गोदामांची नावं येतात. दादांना तर मोबाईलवर नकाशा सरकतो हेच पटत नाही, बोट लावलं की गाव पळतं म्हणतात.

तर पहिल्या दिवशी ट्रान्सहार्बरने ठाण्याला गेलो, काकांना सांगितलं उरण तालुक्याचा नकाशा पाहिजे. मला वाटलं माप विचारतील, पैसे सांगतील, अॅडव्हान्स घेतील. काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "कुठल्या सालचा किनारा पाहिजे?"

मी नुसता बघत राहिलो. मग त्यांनी समजावून सांगितलं, पोलादपूरचा नकाशा मागायला आलात तर हा प्रश्न नाही विचारणार, डोंगर तिथेच असतो, पण उरणचा किनारा सारखा बदललाय, खाजणात (म्हणजे भरतीचं पाणी शिरतं त्या दलदलीत) भराव पडलाय, मिठागरं बुजलीत, जुन्या सर्व्हेच्या शीटवर जिथं निळं आहे तिथं आता राखाडी आहे, मग तुम्हाला आत्ताचा किनारा काढून देऊ की वडिलांचा? काका आधी ड्राफ्ट्समन होते, आयुष्यभर हाताने नकाशे काढलेत, ते त्यांच्या बोलण्यात लगेच कळतं. म्हटलं दोन्ही पाहिजेत. ते म्हणाले मग होईल, पण वडिलांना एकदा कच्ची प्रत दाखवायची, त्याशिवाय मी छापत नाही.

एवढ्या एका प्रश्नासाठी माझ्याकडून ह्या दुकानाला पैकीच्या पैकी. बाकीचं आता सांगतो, त्यात चुकापण आहेत.

आधी माप. काका म्हणाले तालुका उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम दोन्हीकडे साधारण अठरा-वीस किलोमीटर धरा, १ सेंटिमीटरला २५० मीटर हे प्रमाण घेतलं तर नकाशा ७५-८० सेंटिमीटरचा होतो, कडेला समास आणि सूची धरून तीन बाय तीन फूट. मी म्हटलं पाच फूट करूया की हॉलची भिंत मोठी आहे. त्यांनी सरळ नाही सांगितलं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या ज्या शीट ऑनलाइन फुकट मिळतात त्या १ सेंटिमीटरला अर्ध्या किलोमीटरच्या, त्या दुप्पट करणं ठीक आहे, त्याच्या पुढे ताणलं तर माहिती काही वाढत नाही, फक्त रेषा जाड होतात. गिऱ्हाईक स्वतःहून जास्त पैसे द्यायला तयार असताना नको म्हणणारा दुकानदार मी तरी फार बघितला नाही.

मग हद्द. इथं मला स्वतःलाच बरंच नवीन कळलं. उलवे उरणमध्ये नाही, पनवेल तालुक्यात आहे, मी इतकी वर्षं उलवे म्हणजे उरणच धरत होतो. नवीन विमानतळ पण पनवेल तालुक्यात. आणि न्हावा शेवा आपण एका दमात म्हणतो ना, तर त्यातलं न्हावा पनवेल तालुक्यात आणि शेवा उरणमध्ये, दोन वेगळी गावं, बंदरामुळे नावं जोडली गेली. जुनं शेवा आता जागेवर नाहीच, बंदर आलं तेव्हा गाव हलवलं, नवीन शेवा आणि हनुमान कोळीवाडा ही त्याची आत्ताची वस्ती. ताईंनी नकाशावर जुन्या शेव्याची जागा पोकळ वर्तुळाने दाखवली आणि नाव तिरक्या अक्षरात टाकलं, हे त्यांनी स्वतःहून केलं, मी सांगितलं नव्हतं.

आणि ठाणेकरांसाठी एक गोष्ट, उरण पूर्वी ठाणे जिल्ह्यातच होतं. १८८३ मध्ये पनवेल कुलाबा जिल्ह्याला जोडलं तेव्हा उरण पण त्याच्यासोबत गेलं, आणि १९८१ ला कुलाब्याचं रायगड झालं. काका ठाण्याचे असल्यामुळे हे सांगताना त्यांना भारी आनंद होत होता, म्हणाले म्हणजे तुम्ही आमचेच, फक्त शे-दीडशे वर्षं बाहेर आहात.

कच्ची प्रत आली तेव्हा साध्या कागदावर चार तुकड्यात होती. घरी आणून हॉलमध्ये फरशीवर जोडली, चिकटपट्टी लावली, पंखा बंद केला आणि दादांना बोलावलं. दादा खाली बसत नाहीत आता, गुडघे दुखतात, पण त्या दिवशी बसले. आधी पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग हात फिरवत फिरवत मोरा बंदर सापडलं, तिथून खाली उरण, खाली करंजा, द्रोणागिरीचा डोंगर, आणि मग बोट उजवीकडे सरकवत आमच्या गावाकडे आले आणि थांबले.

"यो कंचा किनारा रं?"

मी म्हटलं दादा हा आत्ताचा, ही ठळक निळी रेघ आत्ताची. "आन मंग आमचा?" आमचा म्हणजे तुटक रेघ, ती जुन्या शीटवरून घेतलेली, बंदराच्या आधीची. त्यांनी ती तुटक रेघ बोटाने गिरवली, गावाच्या पाठीमागून खाडी कशी आत यायची, कुठं फाटा फुटायचा, आणि एका ठिकाणी थांबून म्हणाले हे चुकलं, हितं उघाडी होती, पाणी हितपर्यंत येत नव्हतं, बांध होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण हे कळल्याशिवाय उरणचा नकाशा वाचताच येत नाही. आमच्याकडे समुद्र आणि शेत ह्यांच्यामध्ये एक मातीचा बांध असतो, बांधाच्या आतली जमीन म्हणजे खार, जसखार सावरखार ही गावांची नावं त्यातूनच आली. त्या बांधाला एका जागी दार ठेवतात ती उघाडी. भरती आली की पाण्याच्या दाबाने दार आपोआप मिटतं, खारं पाणी आत येत नाही, सुकती लागली की बाहेरचा दाब कमी होतो आणि पावसाचं साठलेलं गोडं पाणी दार ढकलून बाहेर जातं. दिवसातून दोनदा, कोणी हात न लावता. पण बांधाची राखण करायला माणूस लागतोच, खेकड्याने बीळ पाडलं आणि उधाणाला बांध फुटला की त्या वर्षीचं भात गेलंच आणि पुढची दोन-तीन वर्षं जमीन खारटलेली राहते. दादा सांगतात रात्री उधाणाला गावातले सगळे पुरुष कंदील घेऊन बांधावर जायचे. भातशेतीच्या पलीकडे मिठागरं, त्यांचं उलटं, तिथं उधाणाचं पाणी मुद्दाम आत घ्यायचं आणि एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत नेत उन्हात आटवायचं.

म्हणजे किनारा ही एक रेघ नाहीच आमच्याकडे, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी त्या फरशीवर बसून कळलं. भरतीची रेघ वेगळी, सुकतीची वेगळी आणि बांधाची वेगळी. दादांनी पेन्सिलने तीन उघाड्या काढल्या, दोन बांध काढले, आणि एका ठिकाणी काहीच नाव न लिहिता नुसती फुली केली. मी विचारलं हे काय, तर म्हणाले, "हितं तुजी आजी निवट्या पकराची." निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलातले मासे. आजी मी बघितलेली नाही.

दुसऱ्या शनिवारी ती फरशीवरची प्रत तशीच गुंडाळून ठाण्याला नेली. काकांनी पेन्सिलच्या खुणा बघितल्या आणि म्हणाले हे छापलेल्या नकाशावर नको टाकूया, ह्याच्यासाठी वेगळी पारदर्शक शीट करू, वरून लावायची, पाहिजे तेव्हा खाली सोडायची. जुना किनारा, बांध, उघाड्या, मिठागरं सगळं त्या शीटवर. शीट वर केली की आत्ताचं उरण, खाली सोडली की १९७७ चं, दादांच्या लग्नाच्या सालचं, कारण काकांनी साल सांगाच म्हटल्यावर दादांनी तेच सांगितलं.

आता लोकसंख्येचा भाग, तो मला एवढा महत्त्वाचा वाटला नव्हता पण तिथंच सगळ्यात जास्त वेळ गेला. गाव केवढं ते कळावं म्हणून प्रत्येक गावाला त्याच्या लोकसंख्येप्रमाणे वर्तुळ द्यायचं ठरलं. आकडे २०११ च्या जनगणनेचे, जिल्हा जनगणना पुस्तिकेत गावनिहाय मिळतात, त्याच्यानंतरचे नाहीतच कारण २०२१ ची जनगणना झाली नाही, पुढची २०२७ ची. तालुक्याची लोकसंख्या १,६०,३०३. पूर्ण रायगडची २६,३४,२००, म्हणजे पंधरा तालुक्यांच्या जिल्ह्यात शंभरातली सहा माणसं उरणची. शेजारचा पनवेल ७,५०,२३६, आमच्या साडेचार पटीच्या वर. समोर खाडीपलीकडचा अलिबाग २,३६,१६७, पेण १,९५,४५४. दादांना हे आकडे वाचून दाखवले तर म्हणाले माणसं एवढी कमी आणि ट्रक एवढे कसे, आणि ते बरोबरच आहे, आमच्या रस्त्यावर तुम्हाला जी वर्दळ दिसते ती राहणाऱ्यांची नाही, बंदराची आहे.

उरण नगरपरिषदेचं शहर ३०,४३९ माणसांचं, म्हणजे तालुक्याच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा पण थोडं कमी. बाकी सगळे गावात. त्यातली काही गावं जनगणनेने शहर म्हणून मोजली आहेत, पाच हजारावर वस्ती, दाट घरं आणि चारातले तीन पुरुष शेती सोडून दुसऱ्या कामाला असले की गाव त्यांच्या हिशोबात शहर होतं, ग्रामपंचायत असली तरी. काका म्हणाले ह्यांना कुठला रंग देऊ, गावाचा की शहराचा? मी दादांना फोन लावला. दादा म्हणाले गावाचा.

आता चूक. पहिल्या प्रतीत उरण शहराचं वर्तुळ एवढं मोठं आलं होतं की केगाव गायब, मोरा गायब, समुद्रात पण गेलेलं. कारण असं झालं होतं की ताईंनी लोकसंख्या दहापट तर वर्तुळाची रुंदी पण दहापट केली होती. काकांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, डोळा वर्तुळाची रुंदी मोजत नाही, आतली जागा मोजतो, जागा दहापट पाहिजे तर रुंदी तीनपटीच्या थोडी वर पुरते. तीन हजारांचं गाव आणि तीस हजारांचं शहर, एक वर्तुळ १ सेंटिमीटरचं तर दुसरं ३ सेंटिमीटरच्या थोडं वर. नीट केल्यावर केगाव परत दिसलं, मोरा दिसलं, आणि मुख्य म्हणजे तालुक्याची वस्ती कुठं आहे ते एका नजरेत कळायला लागलं, पश्चिमेला समुद्राच्या कडेने उरण ते करंजा एक दाट रांग, मध्ये बंदराच्या मागच्या अंगाला आमची गावं, आणि पूर्वेला चिरनेरच्या डोंगराकडे जाताना विरळ विरळ.

दुसरी चूक जास्त टोचली. गावांची नावं. त्यांनी आधी इंग्रजी यादीवरून मराठी केली होती आणि त्यात करळचं कराल, भेंडखळचं भेंडखल, जसखारचं जास्कर, चिरनेरचं चिर्नेर झालं होतं. मला खरंच राग आला, मराठी माणसाने मराठी माणसासाठी काढलेल्या नकाशात आपलंच गाव इंग्रजीतून फिरून यावं हे मला सहन होत नाही. मी स्पष्ट बोललो तसं. काकांनी वाद नाही घातला, ताईंनी माझ्यासमोर बसून पूर्ण यादी तपासली, मी वाचत गेलो त्या दुरुस्त करत गेल्या, मोठी जुई, खोपटे, दिघोडे, पुनाडे, धुतूम, बोकडवीरा, पागोटे, चाणजे, रानवड. दीड तास लागला. त्याचे पैसे लावले नाहीत, उलट मला चहा पाजला. पण तुम्ही जाल तेव्हा नावांची यादी मराठीत लिहूनच न्या, हे नक्की करा.

अजून काय काय टाकलंय ते सांगतो. घारापुरी तालुक्यातच येतं, ते वर समुद्रात बरोबर जागेवर आहे पण बाजूला चौकटीत मोठं करून पण काढलंय, शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर तिन्ही गावं, दोन टेकड्या आणि मधली खिंड. लोक गेटवेवरून लेणी बघायला जातात आणि लेणी बघून परत येतात, तिथं माणसं राहतात हे बऱ्याच जणांच्या ध्यानातच नसतं. लेणी १९८७ ला जागतिक वारशाच्या यादीत गेली आणि गावात समुद्राखालून केबल टाकून वीज आली ती २०१८ ला. ताईंनी ह्या चौकटीत गावांची नावं लेण्यांपेक्षा मोठ्या अक्षरात घेतलीत, मला फार आवडलं ते.

चिरनेरला एक छोटी ज्योत काढलीय, २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहाची, अक्कादेवीच्या डोंगरावर गोळीबार झाला आणि आठ सत्याग्रही गेले. जासईला दुसरी, १९८४ च्या १६ आणि १७ जानेवारीची, जमिनीच्या लढ्यातली, पाच जण गेले. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण मिळून ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं होतं आणि दि. बा. पाटील साहेब, जे स्वतः जासईचे, त्यांनी तो लढा उभा केला, त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं तत्त्व आलं. विमानतळाला त्यांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळाने केलाय. दादा तेव्हा तिशीत होते, जासईला होते, पण त्याबद्दल ते फार बोलत नाहीत, नकाशावर ज्योत बघून फक्त मान हलवली.

बंदर १९८९ चं, मे महिन्यातलं. रेल्वे ११ नोव्हेंबर २०१८ ला खारकोपरपर्यंत आणि १२ जानेवारी २०२४ ला उरणपर्यंत, अटल सेतू पण त्याच दिवशी सुरू झाला, तो आमच्या तालुक्यात चिर्ल्याला उतरतो. ही सगळी सालं नकाशावर त्या त्या जागी बारीक अक्षरात आहेत. मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याची लाँच आणि करंजाहून रेवसची तर तुटक रेघेने दाखवलीय, दादांचा आग्रह होता की रेल्वे आणि पूल दाखवताय तर लाँच पण पाहिजे, आमचा मुंबईचा रस्ता तोच होता. करंजा-रेवसच्या पुलाचं काम चालू आहे म्हणून तिथं काकांनी मुद्दाम थोडी जागा मोकळी ठेवलीय, म्हणाले पूल झाला की या, पट्टी छापून चिकटवून देतो.

आता छपाई. चकचकीत घेऊ नका, ट्यूबलाइट त्याच्यात दिसते आणि अर्धा तालुका पांढरा होतो, आम्ही आधी तीच सांगितली होती, काकांनी नमुना उजेडात धरून दाखवला म्हणून वाचलो, मॅट घेतली. मागे सनबोर्ड. रंग छान आलेत, खाजणाचा हिरवा आणि डोंगराचा हिरवा वेगळा ओळखू येतो, समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने आहेत आणि चिरनेरच्या बाजूला त्या एकमेकींच्या अगदी जवळ येतात तरी वाचता येतात. अक्षर मोठं आहे, दादा चष्म्याशिवाय मोठी गावं वाचतात.

पारदर्शक शीट मात्र पहिल्यांदा हलली होती. वरून लावली तर जुना किनारा नव्याच्या एका बाजूला ३ मिलिमीटर सरकलेला. तुम्ही म्हणाल ३ मिलिमीटरने काय होतं, पण ह्या प्रमाणात ते जमिनीवर ७५ मीटर होतात, आमच्या गावाची उघाडी सरळ शेजारच्या गावाच्या हद्दीत गेली होती. दादांनी बघताक्षणी पकडलं. परत नेली, काकांनी कोपऱ्यांवर बारीक फुल्या छापून नवीन शीट करून दिली, फुलीवर फुली बसली की शीट बरोबर, एक पैसा घेतला नाही.

वेळ फार लागला. पंधरा दिवस सांगितले होते, पाच आठवडे झाले आणि पंच्याहत्तरी होऊन गेली, हे मला लागलं कारण त्या दिवशी सगळे नातेवाईक आलेले, करंजाची आत्या आली होती, तिच्यासमोर उलगडायचा होता. फोन पण उचलत नाहीत दुपारी. त्यामुळे कोणाच्या वाढदिवसाला द्यायचा असेल तर दोन महिने आधी जा, कमीत नको.

पैसे असे झाले, नकाशा बनवायचे ३,५००, छपाई आणि सनबोर्ड १,४००, पारदर्शक शीट ३००, एकूण ५,२००. फ्रेम ते करत नाहीत, मी नेरूळला करून घेतली. गाव-तालुका आधीच त्यांच्याकडे तयार असेल तर बनवायचे पैसे कमी लागतात, आता उरण तयार आहे म्हणजे पुढचा जो उरणकर जाईल त्याला स्वस्त पडेल, आणि माझी एवढीच विनंती आहे की त्याने आपल्या गावाचे बांध आणि उघाड्या पण सांगाव्यात, काका ती माहिती जपून ठेवतात, जुन्या शीटवर हे सगळं नसतं आणि सांगणारी माणसं आता थोडीच राहिलीत. एकूण पाचातले साडेचार, अर्धा वेळेसाठी कापला.

नकाशा लावल्यापासून घरात एक गोष्ट बदललीय. माझी मुलगी नववीत आहे, ती रोज क्लासला जाताना शीट खाली सोडून जाते आणि संध्याकाळी दादा तिला एक जागा सांगतात, ती बारीक टाचणी लावते. काल आत्या आली होती, तिने करंजाच्या बाजूला दोन टाचण्या लावल्या आणि दादांशी अर्धा तास भांडली की मासळी सुकवायचे ओटे इकडे नव्हते तिकडे होते. दोघं अजून आपापल्या जागेवर ठाम आहेत, टाचण्या दोन्ही ठेवल्यात.

दुकान गुरुवारी बंद असतं, दुपारी एक ते चार पण बंद. सकाळी अकराच्या सुमाराला गेलात तर काका निवांत भेटतात. घरातलं जुनं माणूस सोबत घेऊन जा, तळमजलाच आहे, एकच पायरी आहे, आणि आत बसायला दोन खुर्च्या आहेत.